पाव फेरा आधी

३ मार्च

भावोजी,

'सप्रेम नमस्कार' लिहायला घेतलं होतं. मग म्हटलं, दोन्ही गोष्टी शिल्लक आहेत का ते आधी बघावं. नमस्कार आहे. दुसऱ्याचं सवडीनं कळवीन.

फोन तुम्ही उचलत नाही. पत्राचं एक बरं असतं, न उघडता फेकायचं म्हटलं तरी ते हातात घ्यावं लागतं. पत्ता आपल्या वैमानिक कॅप्टननी दिला. त्यांना तो कुणी दिला हे मी विचारलं नाही.

हे गेल्याचं त्यांनीच तुम्हाला कळवलं होतं. तुम्ही आला नाहीत. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, झालं ते झालं म्हणून लिहितेय. सकाळी दाढी करत होते. डावा गाल झाला होता. मग पडल्याचा आवाज आला आणि मी जाईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर येऊन गेल्यावर उजवा गाल मी केला. तसं अर्धवट कसं पाठवायचं माणसाला? शेजारच्या बाई दारातून बघत होत्या. त्यांना वाटलं, माझं डोकं फिरलं. फिरलं असतं तर बरं होतं, ते जागच्या जागी थांबलंय.

त्याला चार महिने झाले. मी रडलेले नाही. त्यामुळे भेटायला येणाऱ्यांची फार पंचाईत झाली. सांत्वनाला हात घालायला जागाच सापडेना. दोघी-तिघी तर माझ्याच घरी माझ्यासमोर रडून, मीच केलेला चहा पिऊन, जरा नाराज होऊनच गेल्या. शाळेत जाते. मुलं शब्दरूपं म्हणतात, मी चुका काढते. अजूनही पंचमीला अडखळतात. पंचमी म्हणजे 'पासून'. कशापासून दूर जायचं झालं की पोरं अडखळतात. मोठ्यांना बरं जमतं.

लिहायचं कारण वेगळंच आहे. तुमची लेक.

भिंगरी आता नुसती भिंगरी राहिलेली नाही. ह्यांना मास्तर म्हणायचे, तसं हँगरात सगळे तिला 'धाकट्या मास्तर' म्हणतात. ह्यांनी तुमच्या माघारी तिला हाताशी धरलं, ते तुम्हाला ठाऊक असेल. ती आईविना वाढली, मग बापाविना वाढायला लागली, तेव्हा काकांच्या मागं मागं हिंडायची. तिथंच हात काळे झाले. आता हँगरच्या मालकांनी ते हेलिकॉप्टर पुन्हा उभं करायचं ठरवलंय. कुठलं ते सांगायला नको. तुम्ही आणि ह्यांनी मिळून उभं केलं होतं तेच, पंखा दुसरीकडे फिरणारं. मोडकं होतं ते दुरुस्त झालं, पाती नवी आली, आणि पात्यांचा कोन बदलणाऱ्या दांड्या भिंगरी लावतेय.

आणि नियम अजून तोच आहे. ज्यानं दांड्या लावल्या, त्यानं पहिल्या उड्डाणाला वैमानिकाशेजारी बसायचं.

एवढंच कळवायचं होतं. कसं वाटून घ्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. मला विचाराल तर मला सध्या काहीच वाटत नाही, त्यामुळे माझा सल्ला निःपक्षपाती समजायला हरकत नाही.

तुमची वहिनी


११ मार्च

भावोजी,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. ह्यांनी एकदा त्यांच्या शिकाऊ मंडळींसाठी टिपणं काढली होती आणि फिरत्या वस्तूच्या त्या विचित्र वागण्याला मराठी शब्द काय म्हणून मला विचारलं होतं. मी कोश काढून 'परांचन' दाखवला. हे म्हणाले, याचा अर्थ काय? मी म्हटलं, परांच् म्हणजे तोंड फिरवून गेलेला. हे म्हणाले, मग हा धाकट्याचाच शब्द आहे. तेव्हा तुम्ही दोन खोल्या सोडून बसला होतात आणि कशावरून तरी रुसला होतात. आता जरा लांब बसलाय, इतकंच.

तो प्रकार मला त्यांनी स्वयंपाकघरातल्या फिरत्या स्टुलावर बसवून शिकवला होता. हातात सायकलचं चाक, तेही जोरात फिरवून दिलेलं. म्हणाले, आता ते वरून खाली ढकल. ढकललं तर चाक खाली जायच्या ऐवजी बाजूलाच वळायला लागलं आणि मी स्टुलासकट भिंतीकडे तोंड करून बसले. हे हसून हसून बेजार. मग म्हणाले, फिरणाऱ्या वस्तूला कुठंही ढकल, ती तिथं कलत नाही. फिरता फिरता पाव फेरा पुढे जाते आणि तिथं कलते. मी म्हटलं, हे तर तुमच्या घरच्या सगळ्यांचंच वर्णन झालं.

पण तेवढं कळल्यावर पुढचं सोपं गेलं. यंत्राचं नाक खाली घालून पुढे जायचं, तर वरची पाती शेपटीपाशी उंच आणि नाकापाशी खाली गेली पाहिजेत. पातं शेपटीपाशी उंच जावं, तर त्याला जास्तीचा कोन द्यायचा तो पाव फेरा आधी, म्हणजे यंत्राच्या कुशीला. कुठल्या कुशीला? ते कुठल्या बाजूनं फिरतं यावर. आपल्या हँगरातली सगळी यंत्रं वरून पाहिली तर घड्याळाच्या उलट फिरतात. हे एकच घड्याळाबरोबर फिरतं. कूस चुकली की वैमानिक हातातला दांडा पुढे ढकलणार आणि यंत्र मागे बसणार. घाबरून आणखी पुढे ढकलणार, ते आणखी मागे बसणार. तीन वर्षांपूर्वी तसंच झालं होतं. शेपटी जमिनीला लागली आणि आडवं झालं. कॅप्टनच्या कपाळाला टाके पडले. आणि शेजारच्या आसनावर तुम्ही असायला हवे होतात, तिथं हे होते. कंबर गेली ती पुन्हा सरळ झाली नाही.

तुमचं त्या सकाळी पोट बिघडलं होतं. दांड्या तुम्ही लावल्या होत्या आणि चौकशीत एवढंच निघालं की त्या उलट लागल्या होत्या. त्याच आठवड्यात तुम्ही घर सोडून गेलात. ह्यांनी तुमच्याबद्दल कधी वावगा शब्द काढला नाही. कुणी काढला तर विषय बदलायचे. मनाचा मोठेपणा तो.

तर भिंगरीचं सांगते. काल हात धुता धुता बोलत होती.

"काकू, लागल्या दांड्या."

"नीट?"

"आधी पुस्तकातल्या चित्राप्रमाणे लावल्या. मग काकांची तपासणी केली, तर उलट्या आल्या. मग बदलल्या."

"म्हणजे पुस्तक चुकीचं?"

"चित्र खालून काढलंय का वरून, तेच कळत नाही. बाबा पुस्तकावर विसंबले असणार, म्हणून पडले. मी काकांच्या तपासणीवर विसंबते."

"आणि काकांची तपासणी म्हणजे काय असते गं?"

"एकानं दांडा पुढे धरायचा. दुसऱ्यानं पातं हातानं हळूहळू फिरवायचं. कोन सगळ्यात जास्त कुठं होतो ते बघायचं, आणि तिथून पाव फेरा पुढे शेपटी येते का ते बघायचं. आली की बरोबर. सोपंय. तू पण करशील."

मी म्हटलं, माझी विभक्ती आणि तुझी पाती, दोघींनी आपापल्या घरात राहावं.

मालकांना मात्र समाधान नाही. त्यांना आणखी एका माणसानं बघायला हवंय आणि त्या यंत्राची उलटी चाल माहीत असलेला दुसरा माणूस इथं नाही. हे होते. आता फक्त तुम्ही आहात. मालक हे भिंगरीसमोर बोलले. ती म्हणाली, "बाबांना बोलवायचं असेल तर मला घरी पाठवा." उड्डाण या महिनाअखेरीला ठरलंय. ती बसणार.

म्हणून तिच्या पाठीमागे मी विचारतेय, आणि आता वळसे न घेता विचारतेय. येऊन बघाल का? येणं होत नसेल तर काय बघायचं ते लिहून तरी कळवाल का? माझ्याकडून तिला सांगेन. तुमचं नाव काढणार नाही.

हे लिहितानाही हात अगदी स्थिर आहे. अक्षरावरून तुम्हाला वाटेल, मी वाणसामान मागवतेय.

वहिनी


१९ मार्च

भावोजी,

तुमचं कार्ड आलं. उघडं कार्ड पाठवलंत. पोस्टमननं वाचलं असणार, कारण देताना त्यानं मला एरवी म्हणत नाही ते "येतो हं, बाई" म्हटलं.

तुम्ही लिहिलंत, ते मी माझ्यासाठीच पुन्हा उतरून काढते. माझी सवय आहे ही, न कळलेलं वाक्य मी लिहून बघते. दांड्या तुम्ही बरोबर लावल्या होत्या. दादांनी, म्हणजे ह्यांनी, तपासलं. पातं फिरवताना हाताच्या सवयीनं फिरवलं, इतर यंत्रांसारखं, घड्याळाच्या उलट. इंजिन बंद असलं की पातं बिचारं कुठल्याही बाजूनं फिरतं, त्याला काय. त्यामुळे बरोबर होतं ते उलटं दिसलं. तुम्ही म्हणालात, दादा, हे दुसरीकडे फिरतं. दादा म्हणाले, तू मला शिकवू नकोस. तुम्ही दांड्या बदलून दिल्यात. आणि सकाळी बसायला नकार दिलात, कारण लावणारा बसला नाही तर उड्डाण होत नाही, हा नियम दादांचाच होता. दादा नियम मोडून स्वतः जाऊन बसतील असं तुम्हाला वाटलं नाही. तुम्हाला कळलं तेव्हा पंखा फिरायला लागला होता.

शेवटी लिहिलंय, "पोट ठीक होतं."

भावोजी, मी हे वाचलं आणि गॅसवरचं दूध उतरवलं. मग पुन्हा वाचलं. मग शाळेच्या वह्या तपासल्या. एका मुलानं सबंध धड्यात कर्त्याच्या जागी कर्म लिहिलं होतं. मी सगळीकडे लाल रेघ मारली आणि शून्य दिलं. मग खोडून पाच दिले. त्या पोराचा काय दोष?

तीन वर्षं मी ज्याला मनाचा मोठेपणा समजत आले, तो काय होता? ह्यांना पुढे कधी कळलं होतं का? कळलं असेल तर ते गप्प राहिले. कळलं नसेल तर नुसतेच चुकले. यातलं कुठलं खरं असावं अशी इच्छा करायची, तेही मला ठरवता येत नाहीये. आणि विचारायला माणूस नाही. दुखायला हवं होतं. दाढेवर भूल दिल्यावर जीभ लावून बघतो ना आपण, तशी मी दिवसभर लावून बघतेय. दाढ आहे. जीभ आहे. मधलं काही नाही.

पण भिंगरीचाही हात तसाच फिरला असेल, तिला विचारा, असं तुम्ही कार्डाच्या कडेला लिहिलं होतंत, ते विचारायचं होतंच. ती आली तेव्हा विचारलं.

"पातं हातानं फिरवलंस, ते कुठल्या बाजूनं?"

"म्हणजे काय? फिरवतात तसं."

"फिरवून दाखव."

तिनं हवेत हात फिरवला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. उलट.

"तुला असं कुणी शिकवलं?"

"काकांनी. का?"

मग मी कार्ड पुढे केलं. तुमचं नाव काढणार नाही म्हटलं होतं, पण काकांचं नाव काढल्याशिवाय तिचा हात वळणार नव्हता, आणि काकांचं काढायचं तर तुमचं झाकून चालणार नव्हतं. तिनं उभ्यानं वाचलं. वाचून टेबलावर ठेवलं, अगदी सरळ, कडेला कड लावून.

"तीन वर्षांनी," ती म्हणाली. "काका गेल्यावर. आता उलटून बोलायला ते नाहीत तेव्हा."

"तू हात कुठल्या बाजूनं फिरवलास ते त्यांनी तिकडे बसून कसं ओळखलं?"

"अंदाजानं."

"बरा लागला अंदाज."

"काकू, तू कुणाच्या बाजूची आहेस?"

मी म्हटलं, मी तुझ्या बाजूची आहे, म्हणून तर तुझ्या काकांच्या विरुद्ध बोलतेय. ती म्हणाली, "काका असं बोलणारच नाहीत, 'तू मला शिकवू नकोस' वगैरे." मी म्हटलं, माझ्याशी तर रोज बोलायचे. डाळीत मीठ किती घालायचं यावरसुद्धा.

ती हसली नाही. न जेवता दार लावून घेतलं.

मी ह्यांची चूक ह्यांच्याच पुतणीला सांगितली, आणि मला वाईटही वाटलं नाही. हे लिहून ठेवते, पुढे कधी वाटलं तर तारीख लागेल.

वहिनी


२३ मार्च

भावोजी,

घाईत लिहितेय, शाळेत मधली सुट्टी आहे.

भिंगरी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणजे बोलत होती, "साबण संपला" वगैरे. काल हँगरात तिनं मालकांना सांगितलं की हातानं तपासायचंच नाही, हात सोडून तपासायचं. कॅप्टन येऊन दांडा पुढे धरून बसले. पात्याच्या टोकाला तिनं लाल कापडाची पट्टी बांधली. आणि पात्याला हात न लावता तिनं नुसता स्टार्टर देऊन ते एखाद-दोन फेरे सरकवलं, म्हणजे ते स्वतःच्या मनानं ज्या बाजूला जाईल त्या बाजूला जाऊ दे.

गेलं ते घड्याळाबरोबर. मग बंद करून तिनं त्याच बाजूनं एकेक पाऊल नेत कोन मोजला. सगळ्यात मोठ्या कोनापासून पाव फेरा पुढे गेलं तर शेपटी यायला हवी होती. आलं नाक.

कॅप्टन सांगत होते, पोरगी बराच वेळ पट्टीकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "पुस्तकातलं चित्र वरूनच काढलंय." आणि शिडी लावून दांड्या काढायला लागली. कॅप्टन खाली उतरले आणि मला फोन केला. म्हणाले, "वहिनी, मला आयुष्यात फक्त पुढे जायचंय हो. मागे बसायला पेन्शन आहे." ते विनोद करतात तेव्हा घाबरलेले असतात, हे मला ह्यांनी सांगितलेलं.

म्हणजे तिनं आधी बरोबर लावलं होतं, मग तपासलं आणि चुकीचं केलं. जसं तुमचं झालं. एका घरात दोनदा, एकाच हातानं. तो हात आता नाही, पण त्याचं वळण तिच्या मनगटात होतं.

घरी येऊन तिनं बराच वेळ हात धुतले. मी जेवायला वाढलं. ती म्हणाली, "काकांनी मला चाक शिकवलं तेव्हा म्हणायचे, डोक्यावर विश्वास ठेवू नको, हातावर ठेव."

"मलाही म्हणायचे," मी म्हटलं. "मी कशावरच ठेवला नाही. म्हणून शिक्षिका झाले."

या वेळी थोडी हसली. मग ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा बोलायला हवे होते, काकू. जोरात. भांडायला हवं होतं." मी म्हटलं, तुझ्या बाबांना मोठ्या भावाशी भांडता येत नाही, फक्त न बसता येतं. ती म्हणाली, "मग ते पण चुकलेच." मी म्हटलं, चुकलेच. हे तुमच्या कानावर घालायचं मी तिला कबूल केलेलं नाही, पण घालते.

उड्डाण शुक्रवारी सकाळी. ती बसणार. मालकांनी विचारलं, दुसऱ्या कुणाला बसवू का, नियम मोडू एक दिवस. ती म्हणाली, नियम एकदा मोडला होता.

घंटा झाली.

वहिनी


२ एप्रिल

भावोजी,

शुक्रवारचं तुम्हाला कॅप्टननी कळवलं असणारच, पण ते उंची आणि वारा कळवतील. बाकीचं माझ्याकडून घ्या.

मी शाळेतून रजा काढून कुंपणापाशी उभी राहिले. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं. 'घरगुती' लिहिलं. सकाळ कोरडी होती, वारा नव्हता. भिंगरीनं ह्यांचं जुनं जाकीट घातलं होतं, बाह्या दुमडून. पंखा सुरू झाला तसं कुंपणाची तार हातात थरथरायला लागली. मी म्हटलं, चला, माझ्याऐवजी ही तरी थरथरतेय.

यंत्र जमिनीवरून उठलं. हातभर. तिथंच थांबलं. तेव्हासुद्धा इथपर्यंत सगळं ठीकच गेलं होतं, असं हे सांगायचे. मग कॅप्टननी दांडा पुढे ढकलला असणार, कारण यंत्रानं नाक खाली घातलं, एखाद्या म्हातारीनं चष्म्यावरून बघावं तसं, आणि पुढे निघालं. पुढे, भावोजी. मैदानाच्या टोकापर्यंत गेलं, डावीकडे वळलं, उजवीकडे वळलं, आणि परत येऊन जिथून उठलं तिथंच बसलं.

मला काही वाटलं का? नाही. मी तार सोडली. तळहातावर तारेचे वण उठले होते, एवढंच लक्षात आलं.

भिंगरी उतरली, हेल्मेट काढलं, चार पावलं चालली आणि ओकली. पोट हिचं खरंच बिघडलं होतं. तोंड पुसून परत जाऊन बसली आणि कॅप्टनना म्हणाली, "पुन्हा. जरा वर." दुसऱ्यांदा उतरली तेव्हा लाल झाली होती आणि भराभरा बोलत होती.

मग हँगरात चहा झाला. मालक होते, सगळे मेकॅनिक होते, ह्यांच्या हाताखाली शिकलेले. कुणीतरी म्हणालं, मास्तरांची तपासणी कामी आली. भिंगरी माझ्याकडे बघायला लागली. तिला ते बोलायचं होतं आणि बोलता येत नव्हतं. मागे कुणाला तरी असंच झालं होतं या घरात. म्हणून मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. मास्तर चुकले होते, म्हटलं. दांड्या धाकट्यानं बरोबर लावल्या होत्या, त्या मास्तरांनी बदलायला लावल्या. धाकट्यानं सांगून पाहिलं होतं. आणि हे आत्ता तुम्ही जे उडताना बघितलंत, ते त्यानं कळवल्यामुळे उडालं.

मग ह्यांच्या सगळ्यात जुन्या मेकॅनिकनं, तो तुमचा पहिलवान हो, त्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मी त्या दिवशी दांडा धरून आत बसलो होतो, वहिनी. धाकटे बोलले ते ऐकलं होतं मी. मला वाटलं, मास्तर म्हणतात म्हणजे तसंच असणार." आणि घळाघळा रडायला लागला. एवढा मोठा माणूस. मला त्याच्या पाठीवर थोपटावं लागलं.

घरी आले. भिंगरी मालकांकडे थांबली होती. मी कुलूप उघडलं, चप्पल काढली, आणि समोरच्या खुंटीवर ह्यांचा सदरा दिसला. पाच महिने तिथंच आहे, रोज बघते. आणि भावोजी, मला राग आला.

असा आला की मी खुंटीवरून सदरा ओढला, त्याची बाही फाटली. मी त्या सदऱ्याशी भांडले. म्हटलं, तुम्हाला कळलं होतं की नाही? कळलं होतं तर एक वाक्य बोलायला काय झालं होतं? भाऊ गेला, पोरगी बापाला मुकली, आणि तुम्ही मला डाळीतलं मीठ शिकवत बसलात? आता हे सगळं माझ्या तोंडानं हँगरभर सांगायला लावलंत आणि स्वतः अर्धी दाढी टाकून निघून गेलात? शेजारच्या बाईंनी भिंतीवर टकटक केली. मी त्यांनाही म्हटलं, काही नाही, नवऱ्याशी भांडतेय. मग मी खाली बसले आणि रडले. रडणं म्हणजे काय ते विसरले होते. नाक वाहतं, ते लक्षात नव्हतं.

ज्याच्यावर इतकं रागावता येतं तो माणूस खरंच गेला आहे, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

सदरा मी शिवला नाही. तसाच पुन्हा खुंटीला लावलाय. येता-जाता दोन शब्द सुनावते. आज सकाळी सायकलच्या चाकावरून सुनावलं.

तुमची खोली झाडलेली नाही. आत भिंगरीच्या पेट्या आहेत, त्या हलवायला तिला दहा वेळा सांगावं लागेल. ते तुम्ही सांगा, बाप आहात. तुमच्याशी ती नीट बोलेल असं मी लिहीत नाही. भांडेल. तिला जोरात भांडलेलं आवडतं, ते तिनं मला सांगितलंय, तेव्हा सराव करून या.

मात्र लवकर या. आत्ता माझा राग ताजा आहे, आत्ता तुम्ही दादांबद्दल काहीही बोललात तरी मी मान डोलवीन. तो ओसरला की मी पुन्हा ह्यांचीच बाजू घेणार, आणि मग तुम्हाला एकट्याला दोघांशी वाद घालावा लागेल.

वहिनी